डोळा लावण्याआधी

लायका एम६वर पंधरा मिलिमीटरची लेन्स चढवून शिरगावला निघाला असाल, तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. फोटो काय येणार, हे तुम्हाला आधी नीट दिसणारच नाही. एसएलआरवाल्यांना ही अडचण कळत नाही. आरसा असल्यामुळे त्यांना थेट लेन्समधून दिसतं. एम६सारख्या रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. एम६च्या खिडकीतली सगळ्यात रुंद चौकट २८ मिलिमीटरची. त्याच्या पलीकडचं बघायचं तर फ्लॅशच्या खाचेत स्वतंत्र फाइंडर बसवावा लागतो. माझी लेन्स म्हणजे कोसिना कंपनीने १९९९ साली फॉइक्टलँडर या नावाने आणलेली सुपर वाइड हेलियार, आट्यांची, पहिली आवृत्ती. कर्णात मोजलं तर ११० अंश बघते.

शिरगावचा किल्ला पालघरहून सातपाटीला जाणाऱ्या वाटेवर, समुद्राला लागून आहे. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९मध्ये, तो मराठ्यांच्या हाती आला. आकाराने लहानच. अशा जागी पंधराची लेन्स हातात असली की वाटतं, बुरूज, तट, माड, आभाळ सगळं एका फोटोत बसवू. बसतं खरं. पण रोल धुवून आला तेव्हा बुरूज मागे कलंडलेले, तट दोन्हीकडून आत झुकलेला आणि मधोमध रिकामी जमीन. कॅमेरा दोन-चार अंश वर उचलला गेला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकत्र येऊ लागतात, आणि लेन्स जितकी रुंद तितकं ते डोळ्यात खुपतं. यात फाइंडर आणखी गोंधळ घालतो. लेन्स सरळ रेष सरळच काढते. फाइंडर मात्र कडेच्या रेषा पिंपासारख्या फुगवून दाखवतो. त्यात बघून भिंत सरळ आहे की नाही हे ठरवताच येत नाही.

उपाय म्हणजे गवंड्याच्या लेव्हलसारखी बुडबुड्याची छोटी लेव्हल. कॅमेरा छातीशी धरून आधी बुडबुडा मधे आणायचा, मग डोळा लावायचा. कॅमेरा सरळ ठेवला की निम्मी चौकट जमिनीला जाते. जाऊ द्या. त्या जमिनीवर जवळचं काहीतरी हवं: पडलेली झावळी, तटाचा ढासळलेला दगड, बसलेलं कुत्रं. अल्ट्रावाइड सगळं मावावं म्हणून घ्यायची नसते, जवळ जाता यावं म्हणून घ्यायची असते. मला हे फार उशिरा उमगलं.

जवळ गेलात की फाइंडर पुन्हा दगा देतो. तो लेन्सच्या सहा-सात सेंटिमीटर वर बसलेला असतो. अर्ध्या मीटरवर ही लेन्स उंचीत साधारण ८० सेंटिमीटर बघते, म्हणजे चौकटीचा जवळजवळ बारावा हिस्सा इकडचा तिकडे. फाइंडरमध्ये वर दिसणारा माणसाच्या डोक्याचा शेंडा फिल्मवर कापला जातो. म्हणून जवळचं काही असेल तर चौकट जुळवून झाल्यावर कॅमेरा तेवढाच, न झुकवता, सरळ वर उचला.

फोकसचं मात्र सुख आहे. या आवृत्तीची फोकसची रिंग रेंजफाइंडरला जोडलेलीच नाही. कितीही फिरवा, खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळायच्या नाहीत. त्याची गरजही नाही. एफ/८ ठेवा, रिंग एक मीटरवर ठेवा, की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फक्त बॅगेत रिंग सरकते. तिला काळ्या टेपचा तुकडा लावा.

किनाऱ्यावर आणखी दोन संकटं. समुद्र पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर सूर्य समोर. रेंजफाइंडरला आरसा नाही. लेन्समधून आलेलं ऊन थेट कापडी शटरवर पडतं आणि त्याला भोक पाडू शकतं. म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवताना लेन्सला टोपी लावायचीच. पण टोपी लावलेली आहे हे फाइंडरमध्ये दिसत नाही, आणि अख्खा रोल कोरा निघतो! माझी रीत अशी, की टोपी लावली असेल तोवर फिल्म पुढे सरकवायची नाही. शटर चढवलेलं नसलं की बटण दाबून काही होत नाही, आणि चूक तिथल्या तिथे कळते. दुसरं संकट खाऱ्या वाऱ्याचं. या लेन्सला फिल्टरचे आटे नाहीत, पुढची काच उघडीच. आधी फुंकणीने रेती उडवा, मगच पुसा. उलटं केलंत तर रेती काचेवर घासली जाते.

उजेड मोजताना कॅमेरा खाली झुकवून आभाळ बाहेर ठेवा. नाहीतर चकाकत्या पाण्यापायी सुरूच्या बनातली सावली काळी ठिक्कर होते.

सातपाटीच्या बंदरात तर माणसांच्या बाबतीतच जपावं लागतं. समोरच्या होडीचा फोटो काढत होतो. बाजूला वलांडीवर बोंबील वाळत टाकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "दादा, मी नाय ना आले त्यात?" कॅमेरा त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे त्यांना आपण बाहेर आहोत असं वाटत होतं. आल्या होत्या, तेही अगदी कडेला. कडेची माणसं ही लेन्स ताणून काढते, चेहरा भोपळ्यासारखा लांबतो. तेव्हा बाजूच्यांनाही विचारा, आणि माणूस हवाच असेल तर त्याला मधे घ्या.

मुंबईच्या बोरा बाजारात जुनी लेन्स बघायला गेलात तर फाइंडर सोबत आहे ना, हे आधी विचारा. तो सुटा शोधणं जिकिरीचं. डिजिटल लायकावर लावायची असेल तर पहिली आवृत्ती नकोच. तिची मागची काच सेन्सरच्या फार जवळ जाते, किरण तिरपे पडतात आणि कडा जांभळट-लाल होतात. २०१५ची तिसरी आवृत्ती हे बऱ्याच अंशी टाळते. आणि पहिल्यांदाच रुंद लेन्स घेत असाल, तर पंधराच्या आधी २१ वापरून बघा.