रात्रपाळी, उजेड आणि झोप

कोंबड्या पाळणाऱ्यांना हे ठाऊक आहे: हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी घटतात आणि खुराड्यात दिवा लावून उजेड सोळा तासांपर्यंत नेला की पुन्हा वाढतात. शेवंतीच्या मळ्यात रात्री दिवे लावले तर फुले येणे लांबते. उजेड हे केवळ दिसण्याचे साधन नव्हे. सजीवाला वेळ सांगणारी ती खूण आहे, आणि माणूस काही याला अपवाद नाही.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या वर, एक बारीकसे केंद्र आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. (पेशींतील अशा घड्याळाची रचना उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी अभ्यासली ती मात्र फळांवरची चिलटे!) रात्री या घड्याळाच्या हुकमाने मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात वाढते. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला, विशेषतः निळसर पांढरा, की ते घटते.

कोणी कारखान्यात रात्रपाळी करतो, कोणी इस्पितळात. थ्री फेज वीज रात्रीच मिळत असेल तर उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याचीही ती रात्रपाळीच, फक्त तिची हजेरी कोणी मांडत नाही. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान खाली येते व लक्ष उडते. मोटारीच्या पेटीला ओल्या हाताने हात लागतो तो अशाच वेळी. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार अधिक आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले. ‘बहुधा’ हा शब्द नीट वाचावा. घाबरून नोकरी सोडण्याचे कारण नाही.

मग करावे काय? पाळीच्या पूर्वार्धात भरपूर उजेडात काम करावे. शेवटच्या पाच-सहा तासांत चहा टाळावा. मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी घ्यावे, मध्यरात्री हलके खावे. घरी आल्यावर खिडकीला जाड चादर किंवा गोणपाट लावून अंधारात झोपावे, आणि त्या वेळी घरच्यांनी रेडिओ बंद ठेवावा. दिवसा झोपणाऱ्याला आळशी म्हणण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. पाळ्या बदलत्या असतील तर सकाळ, दुपार, रात्र असा क्रम मागून घ्यावा. शरीराचे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते, म्हणून झोप पुढे ढकलणे सोपे, अलीकडे ओढणे कठीण.

मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी पाळी बदलताच गोळीची किंवा इन्सुलिनची वेळ आपल्या मनाने बदलू नये. पाळ्यांचा तक्ता आधी डॉक्टरांना दाखवावा.