‘शिकस्त’ची नायिका : पार्वतीबाई
(बी. ए. तृतीय वर्ष, मराठी)

आमच्या वाङ्मय मंडळाच्या एका बैठकीत ‘ऐतिहासिक कादंबरीतील कर्तबगार स्त्रिया’ हा विषय निघाला, तेव्हा बोलणाऱ्या प्रत्येकाने ठरलेलीच नावे घेतली. जिजाऊ, ताराराणी, अहिल्याबाई, झाशीची राणी. नावे थोर आहेत, त्यांविषयी वाद नाही. परंतु हाती तलवार किंवा राज्याचा कारभार असल्याखेरीज स्त्री कर्तबगार ठरतच नाही, हे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. सरांनी तेव्हा विचारले, “जिने लढाई केली नाही, राज्य केले नाही, अशी एकही नायिका तुम्हांला आठवू नये?” कोणी बोलले नाही. मीही गप्प बसले. वास्तविक त्याच आठवड्यात ना. सं. इनामदारांची ‘शिकस्त’ माझ्या उशाशी होती. तरीही पार्वतीबाईंचे नाव माझ्या तोंडी आले नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली आणि त्यातून प्रस्तुत लेख झाला.

इनामदार (१९२३-२००२) हे आपल्या ऐतिहासिक कादंबरीतील मोठे नाव. ‘झेप’ (१९६३), ‘झुंज’ (१९६६), ‘मंत्रावेगळा’ (१९६९), ‘राऊ’ (१९७२), ‘शहेनशहा’ (१९७६), ‘शिकस्त’ (१९८३) आणि ‘राजेश्री’ (१९८६) अशी त्यांची वाटचाल. १९९७ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर, दुसरा बाजीराव अशा, इतिहासाने ज्यांना धड न्याय दिला नाही त्या माणसांकडे त्यांचा ओढा दिसतो. पार्वतीबाई याच पंक्तीतल्या. सदाशिवरावभाऊंची पत्नी एवढीच त्यांची ओळख शालेय पुस्तकात असते, आणि पुष्कळदा तीही नसते.

पुस्तकाच्या नावापासून सुरुवात करते. ‘प्रयत्नांची शिकस्त करणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. त्यामुळे शिकस्त म्हणजे पराकाष्ठा, असाच अर्थ मी धरून चालले होते. आमच्या गल्लीत नव्वदी ओलांडलेले एक आजोबा आहेत. निजामाच्या अमदानीत त्यांचे शिक्षण उर्दूतून झाले. माझ्या हातातले पुस्तक पाहून ते म्हणाले, “कोणाची शिकस्त झाली यात, पोरी?” मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की फारसी-उर्दूत शिकस्त म्हणजे मोडणे, हार. लढाईत शिकस्त खाल्ली म्हणजे पराभव झाला. एकच शब्द मराठीत आला आणि त्याने पराभवाचा अर्थ टाकून प्रयत्नाचा अर्थ घेतला! आपल्या मराठवाड्याच्या कानाला मात्र हे दोन्ही अर्थ अजून ऐकू येतात. पार्वतीबाईंची कथा या दोन अर्थांच्या मधोमध उभी आहे, असे माझे मत आहे.

आता थोडा इतिहास पाहू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. विश्वासरावांचे प्रेत सापडले. भाऊंच्या बाबतीत मात्र घोळ राहिला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने शिर नसलेले एक धड ओळखले गेल्याचे व त्याला अग्नी दिल्याचे लिहून ठेवले आहे. तथापि भाऊ निसटले, कोठे तरी आहेत, ही वार्ता कित्येक वर्षे फिरत राहिली. पार्वतीबाई लष्करासोबत पानिपतावर होत्या. त्या परत आल्या. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले. घर असे कोसळत असताना या बाईंनी एकच गोष्ट केली: पती गेले हे मान्य करण्यास नकार दिला. कुंकू पुसले नाही, सुवासिनीचा वेश उतरवला नाही. १७८३ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्यांनी हा नकार चालवला.

बावीस वर्षे हा आकडा वाचताना लहान वाटतो. तो कसा काढावा लागतो हे मला माझ्या आईच्या मावशीमुळे ठाऊक आहे. बाहत्तरच्या दुष्काळात तिचा नवरा कामासाठी म्हणून घराबाहेर पडला तो परतलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. मावशीआजी आजही कपाळभर कुंकू लावते आणि हातात हिरव्या बांगड्या भरते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही यावर गल्लीत दर वर्षी कुजबुज होते. कोणी बोलवते, कोणी विसरल्याचे निमित्त करते. एकदा एकीने तोंडावर टोकले, तर ही म्हणाली, “मेलेलं कोनी पाह्यलंय का? मंग?” या ‘मंग’ला उत्तर नाही. कायदा म्हणतो की सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला मृत मानता येते. धर्मशास्त्राने बारा वर्षे थांबून पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा विधी सांगितला आहे. सात काय किंवा बारा काय, हिशेब दुसऱ्यांच्या सोयीचा. पार्वतीबाईंची बारा वर्षे १७७३ मध्येच सरली होती.

येथे एक तुलना करावीशी वाटते. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) मराठी वाचकाला रमाबाई दिल्या. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांच्या चितेवर त्या सती गेल्या. ‘स्वामी’ला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि रमा-माधव ही जोडी घराघरांत पोहोचली. रमाबाईंचे पान वाचताना डोळे भरून येतात, माझेही आले. परंतु त्या अश्रूंत एक धोका आहे. त्या भरात आपण सती जाण्यालाच स्त्रीत्वाचा कळस मानून मोकळे होतो. दुसरीकडे अहिल्याबाई. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले आणि पुढे त्या सुनेने १७९५ पर्यंत माहेश्वरहून राज्य चालवले. एक पतीबरोबर गेली, दुसरी पतीमागे राहून राज्यकर्ती झाली. दोघींची योग्यता समाजाला लगेच कळली, दोघींना वंदन झाले. पार्वतीबाईंनी तिसराच मार्ग धरला. विधवा व्हायचे की नाही हे त्यांनी स्वतः ठरवायचे ठरवले. अशा बाईचे काय करावे हे पेशव्यांच्या वाड्याला समजले नसेल, तर त्यात नवल नाही. आपल्यालाही कुठे समजते? कोणी तिला पतिव्रता म्हणतो, कोणी मनाचा तोल गेलेली. मला ही दोन्ही नावे अपुरी वाटतात.

एक चित्र मनातून जात नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गर्भवती होती. बारभाईंनी तिला सुरक्षिततेसाठी पुरंदर किल्ल्यावर नेले आणि सोबत पार्वतीबाईंना पाठवले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. त्या किल्ल्यावर एका छपराखाली दोन स्त्रिया: कोवळ्या वयात विधवा झालेली, पोटात राज्याचा वारस असलेली एक, आणि तेरा वर्षांपूर्वी जगाने विधवा ठरवलेली, पण कपाळी कुंकू असलेली दुसरी. कारभाऱ्यांनी ज्या बाईवर एवढा विश्वास टाकला ती भ्रमिष्ट असणे शक्य नाही. एवढा एक प्रसंग पुरावा म्हणून मला पुरेसा वाटतो.

मग तोतयाचे प्रकरण येते. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच सदाशिवरावभाऊ असे सांगत पुढे आला. माधवरावांच्या काळात तो कैदेत पडला. परंतु १७७६ साली रत्नागिरीहून सुटला आणि बघता बघता कोकणातले कितीतरी किल्ले त्याच्या हाती गेले. पुष्कळांना तो खरा वाटला. शेवटी तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला देहदंड मिळाला. न. चिं. केळकरांनी या विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले ते अनेकांना माहीत असते. बहुतेक वेळा आपण या प्रकरणाकडे राजकारण म्हणून पाहतो. पार्वतीबाईंच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? पंधरा वर्षे ज्या गोष्टीवर त्या एकट्याच विश्वास ठेवून होत्या, तीच गोष्ट आता हजारो लोक बोलू लागले. हा माणूस खरा मानला तर आपला हट्ट खरा ठरतो, पण परका माणूस घरात येतो. खोटा मानला तर, ‘मग खरे भाऊ कोठे आहेत?’ हा प्रश्न जग पुन्हा त्यांच्याच अंगावर टाकते. चौकशीच्या मागे होते नाना फडणीस, आणि नाना स्वतः पानिपतावरून वाचलेले. त्यांची आईही त्याच धामधुमीत हरवली, असे त्यांच्या आत्मचरित्रावरून कळते. न मिळालेल्या माणसाचे दुःख नानांना परके नव्हते. कागदपत्रांचा इतिहास निकालापाशी थांबतो. येथून पुढचा प्रांत कादंबरीकाराचा, आणि ऐतिहासिक कादंबरी का लिहावी या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते.

अर्थात या उत्तरालाही मर्यादा आहे. औंढ्याला आपण सगळेच जातो. नागनाथाच्या देवळाचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा, अंगभर कोरीव. वरचा भाग वेगळ्याच घडणीचा. वरचे काम अहिल्याबाईंनी करवले असे सांगतात. दोन्हींचा सांधा डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि तो कोणी लपवलेलाही नाही. ऐतिहासिक कादंबरी अशी वाचावी. साल, लढाई, वंशावळ, पत्रे हा खालचा पाषाण. संवाद, रात्रीची तळमळ, डोळ्यांतले पाणी हे वरचे बांधकाम. घोटाळा होतो तो वाचक शिखरालाच पाया समजू लागतो तेव्हा. ‘राऊ’चेच पाहा. मस्तानी ही छत्रसालाची कन्या म्हणून सांगितली जाते, १७२९ च्या बुंदेलखंडाच्या स्वारीनंतर ती बाजीरावांच्या आयुष्यात आली. १७४० च्या प्रारंभी राघोबांची मुंज व याच सदाशिवरावांचे पहिले लग्न ठरले, तेव्हा बाजीराव हजर असतील तर आम्ही येणार नाही, असे पुण्याच्या ब्रह्मवृंदाने बजावले. बाजीराव आपल्या गोदाकाठी नासिरजंगाशी लढत होते आणि इकडे मस्तानीला अटकेत ठेवलेले होते. २८ एप्रिलला ते रावेरखेडीस वारले, पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. पाषाण एवढाच. ‘राऊ’वर आधारलेला हिंदी चित्रपट २०१५ साली आला आणि त्यात काशीबाई-मस्तानी एकत्र नाचल्या, यावरून केवढा गदारोळ झाला! माझ्या मैत्रिणी तर त्या नाचालाच इतिहास समजून बसल्या आहेत. वस्तुतः नाचापेक्षा मोठी गोष्ट काशीबाईंच्या हातून नंतर घडली. मस्तानीच्या पोरक्या समशेरबहादरास त्यांनी वाढवले. हा समशेरबहादर पानिपतावर जखमी होऊन मेला. ते मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

इनामदारांविषयी, किंबहुना आपल्या एकूण ऐतिहासिक कादंबरीविषयी, माझी एक तक्रार आहे. या कादंबऱ्यांत सोसणाऱ्या स्त्रीला जेवढी माया मिळते तेवढी सत्ता मागणाऱ्या स्त्रीला मिळत नाही. गोपिकाबाई आल्या की त्या कठोर, आनंदीबाई आल्या की ‘ध’चा ‘मा’ ठरलेला. पुत्रांमागून पुत्र गमावून नाशिककडे एकाकी आयुष्य काढणाऱ्या गोपिकाबाईंच्या मनात शिरून पाहण्याचे धाडस त्या मानाने थोडे झाले. पार्वतीबाईंवर आपण प्रेम करतो ते त्या निष्ठावंत आहेत म्हणून. त्यांच्या निष्ठेत जो उघड अवज्ञेचा भाग आहे तो आपण हळूच बाजूला ठेवतो. या लेखात मी सारा भर त्या अवज्ञेवर दिला, तो यासाठीच. एका प्राध्यापक मॅडमना हे पटले नाही. त्यांच्या मते मी आजचा विचार अठराव्या शतकावर लादते आहे. असेलही. परंतु मावशीआजीने कोणता आजचा विचार वाचला होता?

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली आणि ती लढाई मराठी माणसाने पुन्हा एकदा जागवली. त्याआधी पाच वर्षे इनामदारांनी लढाई संपल्यावर उरलेल्या बाईचे आयुष्य हाती घेतले होते, आणि तेही तिच्या मृत्यूनंतर बरोबर दोनशे वर्षांनी. हा योगायोग असावा. १७८३ साली पार्वतीबाई गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबरच भाऊंचीही उत्तरक्रिया करण्यात आली. तोवर कोणाची प्राज्ञा झाली नव्हती. गल्लीतल्या आजोबांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे शिकस्त वाड्याची झाली.” मला ते पूर्ण पटले आहे असे नाही, कारण भाऊ तर परत आले नाहीतच.

आपल्या ग्रंथालयात ‘शिकस्त’ची एकच प्रत आहे आणि तिची शेवटची पाने सुटलेली आहेत. मी ती दोऱ्याने शिवून परत केली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी नीट जपून वाचावी. मावशीआजीला मी त्यातला काही भाग मोठ्याने वाचून दाखवला. वाचन चालू असताना ती गहू निवडत होती. मी थांबले की म्हणायची, “वाच की पुढं.”