आधी सीटबेल्ट, मग एअरबॅग

"गाडीत एअरबॅग आहे, मग बेल्ट कशाला?" असं बरेच जण म्हणतात. हा समज जिवावर बेतू शकतो.

गाडी ताशी ६० किमी वेगाने जात असते, तेव्हा आपलं शरीरही त्याच वेगात असतं. गाडी धडकून थांबते, पण शरीर पुढे जातच राहतं. यालाच जडत्व म्हणतात. सीटबेल्ट शरीराला छाती आणि कमरेच्या हाडांवर धरून ठेवतो. असा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीसाठी तयार केला.

एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. बेल्ट नसेल तर आपण त्या फुगणाऱ्या पिशवीवरच आदळतो. म्हणून मुलांना पुढच्या सीटवर मांडीवर कधीही बसवू नका.

मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट हवाच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार त्यांनी बेल्ट लावला नव्हता. बेल्ट न लावल्यास कायद्याने १००० रुपये दंड आहे, पण बेल्ट दंडासाठी नाही, जिवासाठी लावायचा.

पट्टा खांद्यावरून आणि पोटाच्या खालून घ्या. 'टक्' असा आवाज आला की मगच बाबांना सांगा, "आता गाडी सुरू करा!"