स्वयंचलित गिअरपेटीचे मर्म

आपल्या जिल्ह्यातील हुमनाबादवरून पुणे-हैदराबाद हमरस्ता जातो. त्या पुण्याजवळ चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना आहे. तिथली पोलो जीटी टीएसआय ही चपळ मोटार २०१३ साली विक्रीस आली. भारतात पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी त्या मोटारीची गिअरपेटी अभ्यासण्याजोगी आहे.

तिच्यात गिअर सात आणि क्लच दोन. विषम गिअर एका क्लचकडे, सम दुसऱ्याकडे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धावत असतानाच तिसऱ्याची दातेरी चाके जुळून सिद्ध असतात. उरते ते एवढेच की, एका क्लचने सोडावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने धरावे. खरी मेख इथेच आहे. धरण्यास उशीर झाला तर भार सुटलेले इंजिन नुसतेच गरगरते; घाई झाली तर दोन्ही क्लच परस्परांशी झगडतात व गाडीला हिसका बसतो. हिसका म्हणजे जोर, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो वाया गेलेला जोर होय.

गिअर केव्हा बदलावा, हे मुख्यत्वे गाडीचा वेग आणि चालकाच्या पायाचा दाब यांवरून ठरते. पाय हलका असेल तर वरचा गिअर लवकर येतो. जोराने दाबल्यास उशिरा.

क्लच झिजतो तसा त्याचा पकडीचा बिंदू सरकतो. नियंत्रक यंत्र ते हळूहळू शिकून घेते. परंतु नवा क्लच बसविल्यावर कारागिराने संगणक जोडून तो बिंदू पुन्हा शिकवावा लागतो. त्याआधीच गिअरपेटीला दोष देणे अन्यायाचे. मात्र गर्दीत गाडी इंच-इंच सरकवीत राहिल्यास हे कोरडे क्लच तापतात, हे घरच्या चालकांना अवश्य सांगावे.