पडद्यावरचा वेडा आणि घरातला रुग्ण

मानसिक आजार घरात शिरतो तेव्हा त्याची ओळख घरच्यांना आधीच झालेली असते. ही ओळख डॉक्टरांनी करून दिलेली नसते, शाळेच्या पुस्तकानेही नसते. ती सिनेमाने, टीव्हीने आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी करून दिलेली असते. म्हणूनच मुलगा रात्ररात्र झोपत नाही, एकटाच पुटपुटतो, कॉलेज सोडून खोलीत बसून राहतो असे दिसू लागले की, आईबापांच्या डोळ्यांसमोर दवाखाना येत नाही. समोर येतात त्या गजांच्या खोल्या, साखळ्या, विजेचे झटके आणि हसणारे लोक. मग भगत, उतारा, नवस सुरू होतात. 'लग्न करून द्या म्हणजे ताळ्यावर येईल' असा सल्ला मिळतो. यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. प्रस्तुत लेखात आपण प्रसारमाध्यमांनी उभ्या केलेल्या या चित्राचा विचार करणार आहोत. वरवर पाहता विषय करमणुकीचा वाटेल. परंतु वाया गेलेली ती वर्षे रुग्णाच्या आयुष्यातली असतात.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजारांच्या निरनिराळ्या प्रकारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण मात्र ७० ते ९२ टक्के निघाले. म्हणजे दहा रुग्णांपैकी सात ते नऊ जण उपचाराविनाच राहिले. याला डॉक्टरांची कमतरता, दवाखान्याचे अंतर आणि पैसा ही कारणे आहेतच, ती आम्ही नाकारीत नाही. पण लाज हेही एक कारण आहे. क्षयरोगाचे औषध माणूस आज उघडपणे घेतो आणि मनाच्या आजाराचे औषध कपाटात कपड्यांखाली लपवतो. ही लाज त्याला कोणी शिकवली?

प्रथम विनोदाचे पाहू. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. 'ह्याला ठाण्याला पाठवा', 'ह्याची जागा येरवड्याला' ही वाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो. नाटकात किंवा सिनेमात वेड्यांच्या इस्पितळाचा प्रवेश आला की हशा ठरलेला. एक जण स्वतःला राजा समजतो, दुसरा नसलेल्या मोटारीचे चाक फिरवतो. ज्या घरातला माणूस खरोखरीच ठाण्याला भरती आहे, त्या घरातली बाई या हशाच्या वेळी काय करीत असेल, याचा विचार लेखकाने केलेला नसतो. गावाचे नावच शिवी बनले, तर त्या गावच्या रुग्णालयात केसपेपर काढायला कोण धजेल?

विनोदापेक्षा भीतीने अधिक नुकसान केले, असे आमचे मत आहे. १९९३ साली 'डर' हा हिंदी चित्रपट आला. त्यातील तरुण एका मुलीच्या मागे लागतो, मेलेल्या आईशी टेलिफोनवर बोलतो आणि खुनापर्यंत जातो. प्रेक्षकांनी त्यातून सोपे समीकरण घेतले, की मनाने आजारी म्हणजे घातकी. वास्तविक मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करीत नाहीत. मारहाण, फसवणूक आणि अत्याचार बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. त्याच वर्षी आलेल्या 'दामिनी'त, डोळ्यांदेखत झालेल्या बलात्काराची साक्ष देणाऱ्या बाईला वेडी ठरवून मनोरुग्णालयात टाकले जाते. येथे चित्रपटाने एक खरी गोष्ट दाखवली. वेडेपणाचा शिक्का मारला की माणसाच्या शब्दाला किंमत उरत नाही, आणि हे बलवान लोकांना चांगले ठाऊक असते. मालमत्तेच्या भांडणात आणि नकोशा झालेल्या सुनेच्या बाबतीत हा शिक्का कसा वापरला जातो, हे आपल्या वस्त्यांनाही नवे नाही. मात्र त्याच चित्रपटातील रुग्णालय इतके भयंकर आहे की, ते पाहून आजारी माणसाला तिकडे नेण्याचे धाडस कोणाला होणार नाही.

आता शॉकविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण नातेवाइकांच्या तोंडी पहिला प्रश्न तोच असतो: 'शॉक तर देणार नाही ना?' पडद्यावर माणूस जागा असतो, किंचाळत असतो, चार जण त्याला दाबून धरतात आणि शॉक ही शिक्षा असते. १९७५ च्या 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' या अमेरिकन चित्रपटातील असा प्रसंग जगभर गाजला आणि पुढे हिंदी पडद्यावरही तशीच दृश्ये येत राहिली. या उपचाराची सुरुवात १९३८ साली रोममध्ये झाली. पूर्वी तो भूल न देता केला जात असे, तेव्हा ती भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. आज मात्र रुग्णाला आधी भूल देतात, स्नायू सैल करणारे औषध देतात, आणि तो झोपेत असताना थोड्या सेकंदांचा विद्युतप्रवाह दिला जातो. तीव्र नैराश्यात, विशेषतः रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल किंवा जीव देण्याचा धोका असेल तेव्हा, या उपचाराने प्राण वाचतात. काहींना त्या काळातील गोष्टी आठवत नाहीत, हा दोष आहे आणि डॉक्टरांनी तो आधी सांगितला पाहिजे. आपल्या देशात तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने भुलेविना शॉक देण्यास बंदी केली आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यासही त्याच कलमाने बंदी आहे. हे कलम किती पटकथाकारांनी वाचले असेल?

साखळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. ही बातमी देशभर छापली गेली, न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि असे आश्रम बंद झाले. वर्तमानपत्र मनावर घेते तेव्हा काय होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

पण रोजच्या बातम्यांचे काय? 'मनोरुग्णाचा धुमाकूळ', 'माथेफिरूचा हल्ला' असे मथळे आपण वाचतो. हे निदान कोणी केले? पुष्कळदा ते पोलिसाने किंवा जमलेल्या गर्दीने केलेले असते. 'मधुमेही इसमाची चोरी' असा मथळा आपण कधी वाचला आहे काय? मग याच एका आजाराला गुन्ह्याशी का जोडावे? १९१२ च्या जुन्या कायद्यात अशा माणसासाठी 'लुनॅटिक' हा शब्द होता. १९८७ च्या कायद्याने तो काढून टाकला. कायदा सुधारला तरी मथळा सुधारला नाही. २०१९ साली एका हिंदी चित्रपटाच्या नावात 'मेंटल' हा शब्द चेष्टेने वापरला होता. त्याला मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि ते नाव बदलावे लागले. एवढ्याशा शब्दासाठी एवढे कशाला, असे पुष्कळांना वाटले. ज्यांना लहानपणी त्या शब्दाने चिडवले गेले त्यांना तसे वाटले नसावे.

आत्महत्येच्या बातमीत तर जिवाचाच प्रश्न असतो. व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेतील आत्महत्यांच्या रसभरीत बातम्या छापून येत. १९८७ साली तेथील तज्ज्ञांनी वर्तमानपत्रांना संयमाची नियमावली दिली, पत्रांनी ती बव्हंशी पाळली, आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत तशा घटना एकदम खाली आल्या. आपल्याकडे भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये अशीच सूत्रे स्वीकारली. बातमी ठळक जागी देऊ नये, पद्धतीचे वर्णन करू नये, मथळा भडक नसावा, छायाचित्र छापू नये, अशी ती आहेत. वर्ष उलटायच्या आत, १४ जून २०२० रोजी अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक आठवडे वाहिन्यांवर जे चालले ते आपण सर्वांनी पाहिले. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांसह काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १८ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने बजावले की, आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्ती दुबळ्या मनाची होती असे चित्र रंगवू नये. 'नैराश्य' हा शब्द त्या काळात घराघरांत पोहोचला हे खरे. पण तो आजार म्हणून पोहोचला की आरोप म्हणून, याची आम्हाला शंका आहे.

माध्यमे केवळ बिघडवतातच असे नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) सभासदांनी अवश्य पाहावा. त्यातील शेषला स्किझोफ्रेनिया आहे. तो खलनायक नाही आणि विदूषकही नाही. अतुल कुलकर्णी यांनी त्याचा भ्रम आतून दाखवला आहे, आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा थकवाही लपवलेला नाही. तेथे उपचाराने माणूस जादूसारखा बरा होत नाही, हळूहळू सावरतो. १९६९ च्या 'खामोशी'त परिचारिकेचे प्रेम हेच औषध ठरवले होते आणि शेवटी तीच वेडी होते. त्या मानाने ही मजल मोठी आहे. 'डर'मध्ये भीती घालणारे शाहरुख खान २०१६ च्या 'डिअर जिंदगी'त मानसोपचारतज्ज्ञ होऊन शांतपणे ऐकत बसतात, हेही नोंदवले पाहिजे. त्याआधी वर्षभर, २०१५ साली, दीपिका पदुकोण यांनी स्वतःच्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले होते. मात्र या नव्या चित्रात एक उणीव आम्हाला जाणवते. येथे रुग्ण सुखवस्तू असतो, त्याला वेळ असतो, डॉक्टरची खोली समुद्राकाठी असते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी सातपासून रांगेत बसलेला, रोजंदारी बुडालेला बाप आणि त्याच्या शेजारी गप्प बसलेली मुलगी अजून पडद्यावर फारशी आलेली नाहीत.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक सोपा अभ्यास सुचवतो. एक महिनाभर घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातून 'वेडा', 'माथेफिरू', 'मनोरुग्ण' हे शब्द असलेल्या बातम्या कापून वहीत चिकटवाव्यात. प्रत्येकीखाली तीन गोष्टी लिहाव्यात: निदान कोणी केले, डॉक्टरांचे म्हणणे छापले आहे काय, आणि मदत कोठे मिळेल हे सांगितले आहे काय. उपचार घेणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीविना माध्यमांना देता येत नाही, हे २०१७ च्या कायद्याचे कलम २४ सांगते. तेही तपासावे. जेथे नियम मोडलेला दिसेल तेथे संपादकांना पोस्टकार्ड लिहावे. आणि वहीच्या पहिल्या पानावर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू झाली. फोन करण्यास पैसे पडत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येते.