साखरपुड्याची अंगठी : थोडं सायन्स, थोडं गणित

मित्रांनो, आपलं लग्न अजून लांब आहे हे मान्य! पण घरी दादा-ताईचा साखरपुडा ठरला की 'तू इंजिनिअर ना, चल दुकानात' असं म्हणत आपल्यालाच नेतात. तेव्हा निदान एवढं तरी माहीत हवं.

पहिला गोंधळ 'कॅरेट' या शब्दाचा. सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता. २४ पैकी २२ भाग सोनं म्हणजे ९१६, १८ भाग म्हणजे ७५०. हिऱ्यात मात्र कॅरेट हे चक्क वजन आहे, १ कॅरेट = ०.२ ग्रॅम. आजीला २२ कॅरेटच हवं असतं, पण हिऱ्याच्या अंगठीला सहसा १८ कॅरेट वापरतात. शुद्ध सोनं मऊ. खडा धरणारे बारीक आकडे वाकले, की खडा गेलाच. मटेरियल सायन्सचा अलॉयचा चॅप्टर अखेर कामी आला म्हणायचा!

आता खरा मुद्दा, पैसे. समजा अंगठीत ५ ग्रॅम सोनं आहे आणि घडणावळ १२ टक्के. ती झाली ०.६ ग्रॅम सोन्याच्या किमतीएवढी. एकूण ५.६ वर ३ टक्के जीएसटी धरला की ५.७७ ग्रॅमचे पैसे मोजले. हातात सोनं ५ ग्रॅमच. उद्या मोडायला गेलात तर घडणावळ आणि टॅक्स परत मिळत नाही. म्हणून भाव विचारण्यापेक्षा घडणावळ किती ते विचारा, घासाघीस तिथेच होते. सोन्याचं आणि खड्याचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर खडासुद्धा सोन्याच्या भावाने गळ्यात पडतो.

हॉलमार्क बघायचाच. १ एप्रिल २०२३ पासून त्यात सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. दुकानात उभं राहूनच टाका, लाजायचं काय त्यात? २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला मात्र हॉलमार्कची सक्ती नाही. आणि हॉलमार्क फक्त सोन्याचा, हिऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं मागायचं.

हिऱ्याची चमक मुख्यतः कटवर असते. हिऱ्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स २.४२, म्हणजे क्रिटिकल अँगल साधारण २४ अंश. पैलूंचे कोन बरोबर असतील तर आत गेलेला प्रकाश वरूनच परत येतो, चुकले तर खालून निसटतो. मोठा पण वाईट कापलेला हिरा काचेसारखा मरगळलेला दिसतो. शिवाय वजन निम्मं झालं तरी व्यास निम्मा होत नाही (क्यूब रूट!). १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिमी, अर्ध्या कॅरेटचा ५.२ मिमी. बोटावर फरक थोडा, बिलात प्रचंड.

लॅबमध्ये बनवलेला हिरा खोटा नसतो. तोही कार्बनच, तीच रचना. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. किंमत खूपच कमी, पण विकायला गेल्यावर हाती फारसं काही येत नाही. माझ्या मते बजेट कमी असेल तर बिनधास्त घ्यावा. मात्र समोरच्या घरी तसं आधीच सांगून! अंगठीपायी कर्ज काढणं तर मला अजिबात पटत नाही. संसार पुढे आहे.

माप दोरा गुंडाळून घेऊ नका, दोरा ताणला जातो. सोनाराकडच्या मापाच्या रिंगा घालून बघा, तेही संध्याकाळी. सकाळी, थंडीत बोट बारीक असतं. रिंग सांध्यावरून थोडी अडत सरकली पाहिजे. खूप रुंद पट्टीची अंगठी असेल तर एक माप मोठंच घ्या.