दहा वर्षांचा हिशेब

(शास्त्रभाग : यहोशवा, अध्याय ४)

एक दशक सरून दुसरें लागलें म्हणजे आपल्या मंडळ्यांतून उपकारस्तुतीची सभा होते, गीतें गाइलीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं ज्याचा तो आपल्या शेताची वाट धरतो. हें योग्यच आहे. परंतु एवढ्यानें त्या दहा वर्षांचा हिशेब पुरा होतो काय, हा प्रश्न आम्ही ह्या धड्यांत तुमच्यापुढें ठेवितों. यार्देन उतरून गेल्यावर इस्राएल लोकांनीं नदीच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून आणिले. ते पूजेकरितां नव्हते, व शोभेकरितांही नव्हते. पुढें लेंकरें विचारतील कीं, हे धोंडे कसले, तेव्हां बापांना उत्तर देतां यावें म्हणून ते होते. मागें वळून पाहण्याचा खरा हेतु हाच होय. ज्यांनीं नदी पाहिली नाहीं, त्यांच्या प्रश्नाला आपल्यापाशीं उत्तर असावें.

हें नीट समजावें म्हणून आपल्याच प्रांतांतील एक जुनें दशक घेऊं. तें १८९१ ते १९०० ह्या वर्षांचें.

१. तें दशक कसें सरलें

१८९६ सालीं पावसानें दगा दिला व दुष्काळ पडला. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनीं प्लेगचा रोग ओळखिला. भयानें हजारों लोक शहर सोडून गांवाकडे पळाले. १८९७ सालीं पुण्यांत साथ पसरली, आणि रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले ह्यांना तोच रोग जडून १० मार्च रोजीं त्यांनीं देह ठेविला. लोकांनीं जरा श्वास घेतला न घेतला तोंच १८९९ सालीं पाऊस पुन्हा गेला. गुजराथेंत त्या दुष्काळाला संवत १९५६ वरून 'छप्पनिया' हें नांव पडलें. गुरें चाऱ्यावांचून मेलीं, आणि कालपर्यंत ज्यांच्या हातीं नांगर होता ते सरकारी कामावर खडी फोडूं लागले.

पुढें १९०१ च्या मार्च महिन्यांत खानेसुमारी झाली. मुंबई शहराची वस्ती १८९१ सालीं ८,२१,७६४ होती, ती ७,७६,००६ भरली. अहमदनगर जिल्ह्याची, ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात त्याची, वस्ती सुमारें ८ लाख ८९ हजार होती, ती सुमारें ८ लाख ३८ हजारांवर आली. दहा वर्षांत लोक वाढावयाचे, ते घटले. कित्येक मेले, कित्येक परागंदा झाले. आंकडा लिहिण्यास एक ओळ पुरते. पण त्या ओळीखालीं किती चुली विझल्या असतील ह्याचा विचार करावा.

२. आठवणीचें काम कसें होतें

दुःख आठवणें निराळें, आणि दुःखापासून शिकणें निराळें. पंडिता रमाबाई ह्यांचे आईबाप त्यांच्या तरुणपणीं एका दुष्काळांत अन्नावांचून गेले. भावासह त्या अनवाणी देशभर फिरल्या. ती आठवण त्यांनीं केवळ रडण्याकरितां ठेविली असती, तर तिला कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां त्या मध्यप्रांतांत गेल्या, आणि शेकडों निराधार मुली व विधवा आपल्या आश्रयाला आणून केडगांवास 'मुक्ति' उभी केली. ज्या भुकेनें त्यांचें घर मोडलें, त्या भुकेनेंच त्यांना दुसऱ्याचें मोडकें घर पाहण्यास डोळे दिले.

समाजाचेंही असेंच झालें. दुष्काळांच्या अनुभवानंतर सरकारनें १९०१ सालीं पाटबंधाऱ्यांच्या चौकशीसाठीं आयोग नेमिला. प्रवरा नदीवर भंडारदरा येथें १९१० सालीं धरणाचें काम लागलें व १९२६ सालीं तें पुरें झालें. कुणबी सावकाराच्या वहींतून सुटावा म्हणून १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. त्या पाण्यावर व त्या सहकारावर १९५० सालीं लोणी येथें शेतकऱ्यांनीं स्वतःचा साखरकारखाना उभा केला. १९७२ च्या दुष्काळानंतर तर महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदाच केला. तो १९७९ पासून अमलांत आला, आणि खडी फोडणाऱ्याला काम मिळणें ही कृपा न राहतां त्याचा हक्क झाला. वाचकहो, हे सर्व त्या जुन्या नदींतून काढिलेले धोंडेच होत.

३. मंडळीसंबंधीं एक कठीण प्रश्न

आतां आपल्या घरची गोष्ट बोलूं. त्या दुष्काळांत पुष्कळ लोक मंडळींत आले, आणि मिशनांनीं पुष्कळ पोरकीं मुलें सांभाळिलीं. शेजारी म्हणाले, "हे पोटासाठीं गेले." हा टोमणा आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आज्यापणज्यांनीं ऐकिला असेल. त्याला आम्ही रागानें उत्तर देऊं इच्छीत नाहीं. भुकेला मनुष्य भाकरीच्या दाराशीं आला ह्यांत त्याला लाज नाहीं. दार उघडणारानें मात्र आपल्या मनाची परीक्षा करावी. आपण भाकरी दिली ती त्या मनुष्याकरितां, कीं आपल्या वहींतील संख्या वाढावी म्हणून?

ह्या टोमण्याचें उत्तर शब्दांनीं देतां येत नाहीं; तें पुढचीं दहा वर्षें देतात. अहमदनगरास डॉक्टर ह्यूम ह्यांना दुष्काळांतील कामाबद्दल कैसर-इ-हिंद पदक मिळालें. परंतु पदकाहून मोठी गोष्ट ही कीं, तेथील अनाथ मुलांच्या हातीं पुढें पाटी आली, रंधा आला, माग आला. जेथें केवळ धान्य वांटलें, तेथें धान्याबरोबर नातेंही सरलें. जेथें अक्षर व हुन्नर दिला, तेथें त्या लेंकरांचीं नातवंडें आज शिक्षक व परिचारिका आहेत. म्हणून उपदेशकांनीं दशकाचा अहवाल लिहितांना बाप्तिस्मे किती झाले एवढेंच लिहूं नये. आलेल्यांचें पुढें काय झालें तेंही लिहावें.

४. नव्या दशकाचें स्वागत

आपलें स्वतःचें मागचें दशक २०२० सालीं संपलें. त्यांत एप्रिल २०१६ मध्यें तहानेल्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली व कोल्हापूर पाण्याखालीं गेलीं. शेवटच्या वर्षीं महामारी आली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि प्लेगच्या वेळीं केलेला १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. मुंबई-पुण्याहून माणसें पुन्हा गांवाकडे चालत निघालीं. कित्येक गांवांनीं त्यांना भाकर दिली. कित्येकांनीं वेशीवर कांटे घातले. आपल्या गांवानें काय केलें, तें आपणांस ठाऊक आहे.

नवें दशक लागून वर्षें लोटलीं, आणि हा हिशेब बहुतेक मंडळ्यांत मांडलाच गेला नाहीं. उशीर झाला खरा. परंतु ज्यांनीं तें पाहिलें तीं माणसें अजून आपल्यांत आहेत, तोंवर वेळ गेली नाहीं. नव्या दशकाचें स्वागत तोरणांनीं होत नाहीं. मागच्या दशकांत जें चुकलें त्यापैकीं एक तरी गोष्ट ह्या दशकांत सुधारावी, हेंच त्याचें स्वागत. एखाद्या मंडळीनें विहिरीचा गाळ काढावा. एखादीनें मुठीमुठीनें धान्याची कोठी भरावी. एखादीनें, ज्याला वेशीवर अडविलें होतें, त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागावी. हें शेवटचें काम सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत कठीण.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. मागच्या दशकांत आपल्या गांवीं कोणतें संकट आलें, आणि त्या वेळीं आपल्या दाराशीं कोण आलें होतें?
२. त्यापासून शिकून आपण कोणतें एक काम हातीं घेतलें? घेतलें नसेल तर आतां कोणतें घ्यावें?
३. २०३० सालीं आपल्या लेंकरांनीं विचारलें, तर दाखविण्यास आपल्यापाशीं कोणता धोंडा असेल?

ह्या प्रश्नांचीं उत्तरें घाईनें देऊं नयेत. म्हाताऱ्यांना आधीं बोलूं द्यावें, मुलांना जवळ बसवावें, आणि जें ठरेल तें मंडळीच्या वहींत तारखेसह लिहून ठेवावें.